शेवटपर्यंत वाचलं का?

मॅन्युअल सरांना माणसं आवडत नसत, आणि त्यांनी ते कधी लपवलं नाही. तळवड्याच्या त्या ऑफिसात माझा पहिला दिवस होता. आमच्या सगळ्या भावकीतलं पदवीचं पहिलं सर्टिफिकेट मी फाइलमध्ये घालून नेलं होतं. सरांनी फाइल उघडलीच नाही. "ग्रॅज्युएट आहात. बरं. कोड वाचता येतो का?" एवढंच म्हणाले. त्या दिवसापासून त्यांनी मला नावानं हाक मारली नाही; मी 'ग्रॅज्युएट'. त्यांच्या तोंडून तो शब्द शिवीसारखा यायचा. ते स्वतः आयटीआय केलेले. मला तेव्हा राग यायचा. तो आता गेलाय, असं म्हणून खोटं कशाला बोलू?

आमची कंपनी चाकणच्या कारखान्यांसाठी एक पेटी बनवायची. मशीनकडून आकडे घ्यायचे आणि नेटवर्कवर पाठवायचे, एवढंच तिचं काम. आत बीएसडी चाले. ही ऑपरेटिंग सिस्टिम जगभरची माणसं मिळून लिहितात आणि कुणीही फुकट वापरतं. तिच्यात बदल कुणीही सुचवावा, पण तो आत घालायचा हक्क मोजक्यांनाच असतो. आमच्याकडे तो एकट्या मॅन्युअल सरांना होता. त्यामुळे मालकसुद्धा त्यांच्या टेबलापाशी खालच्या आवाजात बोलत.

काहीही विचारा, उलट प्रश्न ठरलेला: "मॅन्युअल शेवटपर्यंत वाचलं का?" टोपणनाव त्यावरूनच पडलं. एकदा आमचा संतोष, चाकणजवळच्या गावचा, पळत आला. "सर, सर्व्हर बंद पडलाय. आता वाचत कुठं बसू?"

"बंद पडलाय ना? मग तुला वेळच वेळ आहे," सर म्हणाले, आणि चष्मा पुसत बसले. संतोषनं खरंच वाचलं. उत्तर शेवटून दुसऱ्या पानावर होतं. "हाय राव तिथंच," तो मला हळूच म्हणाला. सरांनी ऐकलं असणार, पण शाबासकी देणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

बीएसडीवर मात्र त्यांचा जीव. "बाकीच्या सिस्टिमी म्हणजे आमच्या सोसायटीचं पार्किंग. ज्यानं त्यानं जागा दिसेल तिथं गाडी घातली," ते म्हणायचे. "इथं कोड आणि मॅन्युअल एका घरात राहतात." पिंपळे सौदागरच्या त्या सोसायटीनं त्यांना मीटिंगला बोलवायचं सोडून दिलं होतं, असं संतोष सांगायचा. मला त्यात काही नवल वाटलं नाही.

एका कारखान्यात नट आवळणारं मशीन प्रत्येक नटाचा जोर आकड्यात पाठवायचं, आणि आमची पेटी अधूनमधून त्यातला शेवटचा अंक गिळायची. सगळे वायर बदलत बसले. चूक बीएसडीच्याच कोडमध्ये आहे, हे मी शोधलं. दुरुस्ती लिहिली आणि रिवाजाप्रमाणे सगळ्यांच्या मेलिंग लिस्टवर पाठवली. पहिल्यांदा सरांनी ती परत केली, कारण टॅबच्या जागी स्पेस होत्या. दुसऱ्यांदा एका ओळीच्या शेवटी मोकळी जागा राहिली होती. तिसऱ्यांदा, "कोड बदललात, मॅन्युअल कोण बदलणार?" चौथ्यांदा, मॅन्युअलच्या माथ्यावरची तारीख जुनीच होती. माझ्यापासून तीन फुटांवर बसलेला हा माणूस तोंडानं चकार शब्द न काढता मला मेलवर जगासमोर झापत होता.

घरी चिखलीला वडिलांना मी सांगून बसले होते, की ज्याची दुरुस्ती त्याचं नाव तिथं कायमचं राहतं. वडील बावीस वर्षं कारखान्यात प्रेसवर उभे. म्हणाले, "माझ्या हातनं एवढे पार्ट गेले, एकावरबी माझं नाव न्हाई. तुझं येणार म्हणायलीस?" येणार, म्हटलं. त्यासाठीच मी पाचव्यांदा पाठवली.

पाचव्यांदा आत गेली. मी बदलांची यादी उघडून ती ओळ वडिलांना मोबाइलवर दाखवली. त्यांना इंग्रजी येत नाही, पण सर्टिफिकेटवरची माझ्या नावाची अक्षरं ओळखू येतात. बराच वेळ बघत राहिले. "ह्यात तुझं नाव कुठं हाय?"

नव्हतं. दुरुस्ती माझी होती, आणि पुढे नाव सरांचं होतं.

दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये सगळ्यांसमोर मी त्यांच्यापुढे उभी राहिले. "सर, माझं काम तुम्ही स्वतःच्या नावावर घातलं. आमच्याकडे याला चोरी म्हणतात."

ते पोहे खात होते. मान वर केली नाही. "ग्रॅज्युएट, शेवटपर्यंत वाचलं का?"

"तुमचं मॅन्युअल घाला चुलीत," मी म्हणाले. संतोष मागून "अगं, जाऊ दे" म्हणत होता. मी जाऊ दिलं नाही. त्याच आठवड्यात राजीनामा दिला.

पुढे दुसऱ्या कंपनीत, दुसरीच चूक शोधताना, ती जुनी नोंद मी पहिल्यांदा पूर्ण उघडली. यादीत फक्त बदल आत घालणाऱ्याचं नाव दिसतं. ज्यानं दुरुस्ती पाठवली त्याचं नाव नोंदीच्या तळाशी असतं. तिथं माझं नाव होतं, आडनावासकट, स्पेलिंग बरोबर. म्हणजे सगळं काम शिकले, आणि एक नोंद शेवटपर्यंत वाचली नाही. वडिलांना दाखवलं. ते म्हणाले, "मंग त्या साहेबाला उगंच बोललीस." तरीही मी सरांना फोन केला नाही. त्यांना तेव्हा एका वाक्यात सांगता आलं असतं. त्यांनी सांगितलं नाही, हे मी अजून धरून आहे.

दुरुस्त्या मात्र पाठवत राहिले, निम्म्या ईर्ष्येनं. एक दिवस बदल आत घालायचा तो हक्क मलाही मिळाला. माझं नाव कुणी सुचवलं, ते मी विचारलं नाही. सरांच्या डोळ्यांचं दुखणं वाढलं होतं. वर्षभर त्यांनी काहीच घातलं नाही, म्हणून नियमाप्रमाणे त्यांचा हक्क काढून ठेवला गेला.

गेल्या महिन्यात लिस्टवर त्यांची एका मॅन्युअलमधली छोटी दुरुस्ती आली. आता ती त्यांना स्वतः आत घालता येत नव्हती. तपासायला मीच घेतली. एका ओळीच्या शेवटी मोकळी जागा होती. दिसली नसणार त्यांना. मी परत केली, सगळ्यांसमोर. तासाभरात नीट करून आली. चार दिवस लावून ती मी आत घातली, आणि नोंदीच्या तळाशी त्यांचं नाव लिहिलं, शेवटपर्यंत वाचेल त्यालाच दिसेल असं.

संध्याकाळी त्यांचा मेल आला. मजकुराची एकच ओळ: "मॅन्युअलच्या माथ्यावर दुरुस्ती आत घातल्या दिवसाची तारीख हवी. चार दिवस जुनी आहे."

बघितलं. जुनीच होती. मी ती बदलली. आभार मानले नाहीत; त्यांनीही मानले नव्हते. फक्त मेल पुन्हा उघडला तेव्हा लक्षात आलं, की सुरुवातीला 'ग्रॅज्युएट' नव्हतं. माझं नाव होतं.