मामाचं पिंप आणि माझा घोट

दारूचा घोट मी आयुष्यात एकदाच गिळला, आणि तो गिळला माळकरी मामासाठी. हे सांगितलं की लोक हसतात. हसू देत. मलाही आज आठवलं की हसूच येतं.

महायुद्धाचे दिवस होते. मी निपाणीत एका तंबाखूच्या वखारीत पारखी होतो. बोचकं उघडलं की पान बोटांत चुरगळायचं, नाकाशी धरायचं, चिमूटभर जिभेवर ठेवून दाढेखाली दाबायचं, थुंकायचं आणि माल कसा आहे ते सांगायचं, हा माझा धंदा. सव्विसाव्या वर्षी माझ्या नाकाचा चिकोडी तालुक्यात बोलबाला होता; निदान माझी तशी समजूत होती. निवाडा मात्र मी तोंडानं सांगत नसे. सौदा करणाऱ्यांची जी रीत, तीच माझी. वखारवाल्याच्या हातावर रुमाल टाकायचा आणि रुमालाखाली त्याची बोटं धरून आकडा कळवायचा, दहापैकी किती. माल पिकवणारा समोरच बसलेला असतो. वर्षभर राबलेल्या माणसाच्या तोंडावर ‘पाच’ म्हणायला जीभ रेटत नाही.

मामा राहायचा पिरनवाडीला आणि नोकरीला बेळगावच्या कँपात, पलटणीच्या साहेबांच्या मेसमध्ये. मुख्य वाढपी. अंगात पांढरा कोट, डाव्या हातावर घडी घातलेला पांढराशुभ्र रुमाल आणि कोटाच्या गळ्याखाली झाकलेली तुळशीची माळ. सव्वीस वर्षं त्यानं साहेबांच्या ग्लासांत नाना तऱ्हेच्या दारवा ओतल्या, पण एक थेंब कधी बोटाला लागला तर तो हात धुऊन यायचा. साहेब लोकांना याची गंमत वाटायची आणि मामाला साहेब लोकांची.

युद्धामुळं विलायतेहून येणारी बिअर बंद झाली. तेव्हा मेसमधल्या एका म्हाताऱ्या गोऱ्या सार्जंटनं मागच्या पत्र्याच्या खोलीत स्वतःच बिअर करायला घेतली. ब्राऊन एल म्हणायचे तिला. तपकिरी, फेसाळ, त्यांच्या मुलखातली घरगुती चीज. मामा त्याच्या हाताखाली राबला आणि बघून बघून शिकला. मग सार्जंटची बदली झाली. जाताना तो मामाला वाळलेल्या कडू फुलांचे दोन डबे आणि कृतीचा एक कागद देऊन गेला. मामानं मेसच्या मेजरसाहेबाला विचारलं, मी करून बघू का? साहेब म्हणाला, कर. शनिवारी दुपारी आम्ही सहाजण चाखू. पसंत पडली तर पलटणीच्या मोठ्या जेवणाला हीच वाढायची. नाही पडली तर पिंपं फोडून चुलीत घालायची.

मामानं दोन पिंपं केली. दोन्ही तयार झाल्यावर त्याच्या ध्यानात आलं की आपण अडकलो. कुठल्या पिंपातली वाढायची, हे चाखल्याशिवाय कळणार नव्हतं आणि गळ्यातली माळ चाखू देत नव्हती. मेसमधल्या कुणाला विचारावं तर तो मामाला बरं वाटावं म्हणून दोन्हीला छान म्हणणार. म्हणून मला पत्र आलं, निघून ये, नाकाचं काम आहे.

कोळशावर चालणारी मोटार तेव्हा निपाणीहून बेळगावला यायची. यायची म्हणजे, चढण आली की आम्ही उतरून तिला आणायचो. शुक्रवारी दुपारी काळंकुट्ट तोंड घेऊन मी पिरनवाडीत पोचलो. मामानं दोन बाटल्या पिशवीतून घरी आणल्या होत्या. मामीनं त्या उंबऱ्याच्या आत येऊ दिल्या नाहीत. मग आम्ही परड्यात फणसाखाली घोंगडं टाकून बसलो आणि मामी जरा अंतरावर सूप घेऊन जोंधळे पाखडत बसली.

या कामात मामीचाही हात होता. बिअरला लागणारं धान्य भिजवून, मोड आणून, वाळवून भाजायचं असतं. कागदावरची ती कृती मामानं तिला समजावून सांगितली, तेव्हा मामी म्हणाली, ह्यात नवीन ते काय, नाचणीचं सत्त्व असंच करतात की. सातू तिनंच भिजवले होते, मोड तिनंच आणले होते आणि भाजलेही तिनंच, घरच्या लोखंडी कढईत.

मी मोठ्या ऐटीत सुरुवात केली. पहिल्या बाटलीतली पेल्यात घेतली, उन्हात धरून रंग पाहिला, वास घेतला. गुऱ्हाळाच्या बाजूनं जाताना येतो तसा गोडसर वास. घोट तोंडात घोळवला आणि थुंकला. गोड, मऊ, तक्रार नाही. दुसरी काळपट होती. वास करपट, भाजलेल्या शेंगांच्या टरफलांसारखा. जिभेवर घेतली तर धारदार लागली. तीही थुंकली. मग मामाच्या हातावर पंचा टाकला आणि खाली बोटं धरली. पहिलीला आठ, दुसरीला पाच.

मामाचा चेहरा उजळला. ठरलं तर, पहिलं पिंप. तो बाटल्यांना बुचं लावायला लागला. मामीचं सूप मात्र थांबलं होतं.

ती म्हणाली, “थुकलास की रं तू.”

मी म्हटलं, पारख अशीच करतात.

“तंबाखूची करत असतील. तंबाखू पोटात जायाची नसती, म्हणून तुमी थुकता. ह्ये पोटात जायाचं हाय. गिळल्याबिगार चव कशी कळंल?”

मला राग आला. ज्या नाकापुढं निपाणीचे व्यापारी मान तुकवतात, त्याला मामी सूप हातात धरून शिकवणार? मी जरा फणकाऱ्यानंच सांगितलं की आईला मी शब्द दिलाय, दारू घशाखाली उतरणार नाही. थुंकली की शब्द शाबूत राहतो.  मामी पुन्हा पाखडायला लागली. नणंदेला दिलेला शब्द मोड, असं ती कशी सांगणार?

मामानं मात्र बूच हातातच धरून ठेवलं.  मग म्हणाला, “सव्वीस वरसं दुसऱ्यानं केल्यालं वाढलं रं. एकदा आपल्या हातचं वाढायचं हाय. चुकलं तर परत कोण करू देनार न्हाय.” आणि पुढं म्हणाला, “आक्काला मी सांगतो.”

माझी आई त्याची थोरली बहीण. तिच्यापुढं उभं राहून तो कधी मोठ्यानं बोलला नव्हता. माझा सगळा फणकारा तिथंच उतरला. मी पेला भरून घेतला, डोळे मिटले आणि घोट गिळला.

पहिलीचं सगळं जिभेवरच संपलं. गोडी गेली आणि मागं काही उरलं नाही. काकवीचं भांडं विसळलेलं पाणी प्याल्यासारखं वाटलं. मग दुसरीचा घोट घेतला. करपट धार आली तशी गेली आणि घशाच्या मागून एक कडूपणा वर आला. नीट, स्वच्छ कडू. मी श्वास सोडला, तर नाकातून तव्यावरच्या भाकरीच्या पापुद्र्याचा वास निघाला. आणि तोंडानं आपणहून आणखी एक घोट मागितला. थुंकून मी या दारूचा अर्धाच भाग तपासला होता, आणि तेवढ्यावरच मामाला आठ बोटं मोजून दिली होती. मला फार लाज वाटली आणि त्याच वेळी फार आनंद झाला.

पंचा पुन्हा पडला. पहिलीला चार, दुसरीला नऊ.

दहावं का राखलंस, असं मामानं विचारलं. मी म्हटलं, “दहावं बोट मी कुनालाच देत न्हाय.”

दोन पिंपांत फरक कसा पडला, ते मामीनं मग सांगितलं. पहिल्या दिवशी मामा चुलीपाशी उभा राहून सारखा जळंल जळंल करत होता, म्हणून तिनं कढई लवकर उतरवली. दुसऱ्या दिवशी तो कामावर गेल्यावर तिनं आपल्या मनानं भाजलं. हे सांगताना ती सुपातच बघत होती, पण हसू तिला आवरत नव्हतं.

शनिवारी मामानं मला मदतीला म्हणून मेसमध्ये नेलं. माझ्या अंगात कुणाचा तरी पांढरा कोट होता, त्याची बटणं लागत नव्हती. मामानं दुसऱ्या पिंपातून सहा ग्लास भरले. चिंचोक्याच्या रंगाची, वर दुधी फेसाची साय.  साहेबांनी ग्लास खिडकीकडं धरले, वास घेतला, घोट घेतले आणि एकमेकांकडं पाहिलं. एक लांब मिशांचा साहेब तर फारच गंभीर झाला. मग त्यानं मिशीवरचा फेस पुसला आणि रिकामा ग्लास मामापुढं केला. बाकीचे हसले आणि पाठोपाठ पाच ग्लास पुढं आले. मेजरसाहेबानं जाहीर केलं की मोठ्या जेवणाला हीच.

आणि मग त्यानं स्वतःच्या हातानं एक ग्लास भरून मामासमोर धरला. करणाऱ्याचा मान पहिला, अशी त्यांची रीत असावी. मामानं हात जोडले. कोटाचं वरचं बटण काढून माळ दाखवली आणि मेसच्या हिंदीत सांगितलं की मी पीत नाही, कधीच प्यालो नाही. साहेब चकित झाला. न पिता तुला कसं कळलं की ही चांगली झालीय?

 मामानं डाव्या हातावरचा रुमाल उलगडला आणि वळून माझ्या हातावर टाकला. सहा साहेबांसमोर, भर मेसमध्ये, त्याचा हात रुमालाखाली माझा हात शोधत होता. स्वतःच्या हातच्या त्या चिजेची चव त्याला तिथूनच मिळणार होती, दुसरीकडून कुठूनच नाही.  मी आधी त्याची पाची बोटं धरली, आणि मग पुन्हा पाची.

मामाचे डोळे भरले. घरी गेल्यावर मामीच्या हातावर पंचा टाकायचा, असं तो माझ्या कानात म्हणाला. मग रुमालाची नीट घडी घालून त्यानं हातावर घेतली आणि तो लांब मिशांच्या साहेबाचा ग्लास भरायला गेला.