पेत्रण्णांचं पान

तुळसाक्कांच्या पुतण्याचा, सुरेशचा फोन आला तेव्हा मी चिकपेटच्या मेट्रो स्टेशनात होते. ‘आत्या गेली,’ एवढंच तो म्हणाला. मी तशीच बाहेर पडून रिक्षाने चामराजपेटला परत आले. वाटेत डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. आदल्याच दिवशी दवाखान्यात अक्कांनी मला विचारलं होतं, ‘यंदा त्यांचं पान कोण वाढणार गं?’

तुळसाक्का माझ्या घरमालकीण. नोकरीसाठी पुण्याहून बंगळुरूला आले तेव्हा वरच्या खोल्या दाखवताना त्यांनी माझी चौकशी अशी केलीच नाही. ‘मराठी ना? मग ये की,’ म्हणाल्या आणि किल्ली हातात ठेवली. त्यांचं घराणं तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे येऊन रुजलेलं. त्यांच्या मराठीत निम्मं कन्नड, माझ्या मराठीत निम्मं इंग्रजी, आणि दुसरीची भाषा बिघडलेली आहे याबद्दल दोघींनाही खात्री! लग्न त्यांनी केलं नव्हतं. शाळेत शिवण शिकवून निवृत्त झालेल्या, काटक आणि भांडायला कायम तयार. भाचरं-पुतणे सगळे त्यांना वचकून असत. मीही होते, पण माझ्यावर त्यांचा जीव होता आणि ते मला ठाऊक होतं.

पहिल्याच वर्षी सर्वपित्री अमावास्येला त्यांनी मला खाली जेवायला बोलावलं. घरातल्या पितरांची पानं मांडली होती : वडे, खीर, अळूची भाजी, सगळं रीतसर. पण भिंतीकडेला आणखी काही पानं होती आणि त्यांवर बाकीच्या पदार्थांबरोबर एकेक पिवळा गोळा होता. पितरांच्या पानात मुद्दे, म्हणजे इकडचा तो शिजवलेल्या पिठाचा गोळा, मी कधी पाहिलं नव्हतं, तेही नाचणीचं नव्हे, मक्याचं. गुरुजी एकेक नाव घेत होते आणि पुतण्या सुरेश तीळपाणी सोडत होता. त्यात एकदम ‘पेत्रण्णा’ असं नाव आलं. मग ‘जुझेप्पण्णा’, मग ‘मरियक्का’. मी चमकून अक्कांकडे पाहिलं. त्यांनी डोळ्यांनीच मला गप्प बसवलं.

हकिगत कळली ती जेवणं उरकल्यावर. अक्कांचे वडील दुसऱ्या महायुद्धात फौजेत लॉरी चालवायचे. आफ्रिकेच्या वाळवंटात पकडले गेले आणि इटलीतल्या छावणीत कैदी होऊन पडले. पुढे तिथलं सरकार कोसळलं, पहारेकरी पळाले आणि हेही निघाले, वाट फुटेल तिकडे. डोंगरातल्या एका गावाने त्यांना ठेवून घेतलं. त्या गावातली काही माणसं रानात लपून फॅसिस्टांशी लढत होती. त्यांच्याच गोठ्याच्या माळ्यावर, गवतात, आमचा हा बंगळुरूचा ड्रायव्हर. भाषा एकमेकांची कळत नव्हती. पण पहिल्या संध्याकाळी मरिया नावाच्या बाईने पाटावर मक्याचं घट्ट शिजवलेलं पीठ ओतलं आणि वडिलांना हुंदका आला. ‘हे तर मुद्दे!’ आयुष्यभर ते हे सांगताना हसायचे.

त्या लढणाऱ्यांनी एक पूल उडवला. सूड म्हणून फॅसिस्टांनी गावाला वेढा घातला, हाती लागले त्यांना चर्चच्या भिंतीपाशी उभं केलं आणि गोळ्या घातल्या. त्याआधी त्यांना दरडावून विचारलं होतं की तो काळा परका कुठे आहे. कोणी सांगितलं नाही. मरियानेही नाही… वडिलांनी माळ्यावरून गोळ्यांचे आवाज ऐकले.

घरी परतल्यापासून ते सर्वपित्रीला या माणसांची पानं वाढू लागले. त्यांच्या इटालियन नावांना अण्णा, अक्का जोडून ती त्यांनी घरचीच करून टाकली. त्यांच्यामागे अक्कांनी ते चालू ठेवलं. अक्कांनी पहिल्यांदा पानं मांडली त्या वर्षी गुरुजी नवीन होते, अडून बसले. ख्रिस्ती माणसांना श्राद्ध लागत नाही, म्हणाले. अक्का म्हणाल्या, ‘त्यांना नसेल लागत. आम्हाला लागतं.’ गुरुजींनी गोत्र विचारलं. अक्कांनी उलट त्यांनाच विचारलं की ज्याचं गोत्र ठाऊक नाही त्याचं काय म्हणतात? काश्यप, असं गुरुजींना म्हणावंच लागलं. ‘मग तेच म्हणा स्वामी, वडे गार होतायत.’ दरवर्षी थोडी हुज्जत व्हायचीच, पण नावं घेतली जायची.

एकदा मी उत्साहाने म्हटलं, अक्का, ते गाव इंटरनेटवर शोधू या, तिथे त्यांचं स्मारक असेल. त्या मुद्दे वळत होत्या. ‘असेल की. तिथलं तिथले लोक करतील. बाबांनी त्या मिठाचं ऋण इथे येऊन फेडायचं ठरवलं, ते इथेच फेडायचं.’ आणि माझ्या पानात गोळा टाकून, ‘मुद्दे चावायचं नसतं, गिळ.’

तर दवाखान्यातला तो प्रश्न. त्यांना सगळं कळत होतं. ‘मी गेले तर सुरेशला चालायचं नाही. वर्षभर घरात दुसऱ्या कुणाचं श्राद्ध नाही करत. तुझे आईवडील आहेत, असू देत, शंभर वर्षं असू देत. तूही नको… मग कोण गं?’ त्या स्वतःच्या मरणाला भ्यायल्या नव्हत्या. आपल्या मरणानेच त्या माणसांचं पान चुकणार, हे त्यांना सोसत नव्हतं.

मग अमावास्या आली. खालचं घर बंद होतं. सकाळी गुरुजींचा फोन. ‘मक्याचं पीठ आहे का गं तुझ्याकडे? आंघोळ करून मुद्दे कर आणि घेऊन ये.’

त्यांचं घर पलीकडच्याच गल्लीत. आत त्यांच्या पितरांची पानं होती, सोवळ्यातली. बाहेर व्हरांड्यात, पुसून घेतलेल्या फरशीवर, त्यांनी आणखी पानं मांडली होती. गुरुजींच्या बायको दारात उभ्या होत्या, फार खूश दिसल्या नाहीत. माझं मुद्दे गाठींचं झालं होतं. त्यांनी ते पाहिलं, आतून तुपाची वाटी आणली आणि प्रत्येक गोळ्यावर धार धरली.

‘गुरुजी, तुम्ही कसं काय…’ मी विचारलं.

‘इतकी वर्षं ती नावं घेतली मी, भांडून भांडून घेतली. आता न घेता मला जेवायला बसवेल का? तू बस इथे स्वल्प. ऐकून ठेव. आज तुझं काम ऐकायचं.’

मी बसले. त्यांनी पाणी सोडलं, काश्यप गोत्र म्हणाले आणि त्या खणखणीत संस्कृतात ‘पेत्रण्णा’ आलं, अगदी अक्का म्हणायच्या तसं, ‘ण’वर जोर देऊन. मला रडू फुटलं. गुरुजी थांबले. पळी हातात धरून, मला आवरेपर्यंत थांबले आणि मग त्यांनी पुढचं नाव घेतलं.