सांबराच्या आतड्यातलं बिऱ्हाड

लग्नानंतर मी संगमनेरला आले ते एकाहत्तर साल. हे गुरांचे डॉक्टर आणि मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. एका रविवारी सकाळीच हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याचा वनरक्षक दारात आला. कड्याखाली एक सांबर मरून पडलं होतं.

"रोगानं मेलं का काय, लोक लई भ्यालेत. आमच्या शेळ्या बी तितंच चरत्यात. एकदा बघून सांगा."

मीही यांच्याबरोबर निघाले. पुस्तकाबाहेरचं सांबर मी तोवर पाहिलं नव्हतं. ते दगडांत आडवं पडलं होतं. नर होता. अंगावर चमक, मांड्या भरलेल्या, फक्त मान विचित्र वळलेली.

"कड्यावरून पडलाय. मान मोडलीय," हे म्हणाले. तरी खात्रीसाठी त्यांनी पोट उघडलं. मोठ्या आतड्याच्या तोंडाशी असलेली पिशवी चिरली आणि मला हाक मारली, "अगं, इकडे ये."

आत पांढरे जंत होते, जिवंत. पुढचं अर्ध्याहून जास्त अंग केसाएवढं बारीक, ते आतड्याच्या भिंतीत टाका घातल्यासारखं रुतलेलं. मागचं जाड अंग मोकळं, सावकाश वळवळत होतं. मी समोरच्या उभ्या कड्याकडे पाहिलं.

"अहो, हे सगळं पोटात घेऊन हा तिथं चढायचा?"

"रोज. आणि अंगानं कसा आहे बघ. दोघांचं जमलं होतं." मग ते वनरक्षकाला म्हणाले, "शेळ्यांच्या पोटातही जंत असतातच. घाबरू नका. एखादी खंगलेली दिसली तर आणा, औषध देऊ."

"म्हंजी रोग न्हाई," त्यानं सुस्कारा टाकला. मग वाकून सांबराच्या कपाळाला हात लावला.

मी सांबराची थोडी लेंडी बाटलीतून आणली. कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यात अंडी दिसली. इवल्या लिंबासारखी, दोन्ही टोकांना बूच मारलेली. ती मी काचेच्या बशीत ओलसर ठेवली आणि रोज पाहत राहिले. बरेच दिवस काहीच घडेना. अंडी मेली असं मी धरून चालले होते.

एका दुपारी पाहिलं, तर एका अंड्यात दोऱ्याचं वेटोळं होतं. पाहता पाहता ते हललं, आतल्या आत कूस बदलल्यासारखं. मी धावत जाऊन यांना घेऊन आले. शेकडो जनावरं उघडून पाहिलेला हा माणूस सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसला, तो हलेचना.

शेवटी डोळा न काढताच हे हळू म्हणाले, "जरा थांब. पुन्हा वळतंय."