तामारॅक रोडवरचे पाणी

रोझॅन ग्लोडोव्स्की कुठल्याही घराच्या व्हॅल्युएशनला गेली की शेवटी पाणी मागायची. एकतीस वर्षांचा शिरस्ता होता तो. घराला बाहेरून चारी बाजूंनी टेप लावून व्हायची, तळघरातला हीटर तपासून व्हायचा, माळ्यावर बॅटरी फिरवून व्हायची, आणि मग स्वयंपाकघरात येऊन ती म्हणायची, "पेलाभर पाणी मिळेल का?" पेला खिडकीच्या उजेडात धरायचा, हुंगायचा, सावकाश प्यायचा आणि फॉर्मवर लिहायचे: खाजगी बोअर, पाणी स्वच्छ, चवीला उत्तम.

ही रीत तिने वडिलांकडून घेतली होती. ते विस्कॉन्सिनच्या या वाळूच्या पट्ट्यात घरोघरी बोअर घालत. यंत्र नव्हतेच. टोकदार लोखंडी पाईप आणि वरून हाणायला वजन, एवढ्यावर पंचवीस फुटांवर पाणी लागे. "लोखंड जिभेला कळतं, गंधक नाकाला कळतो," ते म्हणत. "उरलेलं काम वाळू करते." भोवती मैलोगणती बटाट्याची शेते, आणि त्या शेतांवर दर वर्षी वाढत गेलेले खत. त्या खताचे नायट्रेट वाळूतून सरळ खाली उतरते. त्याला चव नाही, वास नाही, रंग नाही. लायसन्सच्या नूतनीकरणाचे वर्ग असत, तिथे रोझॅनने हे दोन-तीनदा वहीत उतरवूनही घेतले होते. पण वही कपाटात राही, आणि पाण्याचा पेला रोज हातात येई.

मंगळवार, १५ ऑक्टोबरला ती तामारॅक रोडवर क्लेम वांटाच्या घरी गेली. क्लेमचे वय एकोणऐंशी. दृष्टी अधू झाल्याने गाडी सुटलेली. त्याची बायको आयरीन चाळीस मैलांवरच्या शुश्रूषागृहात होती आणि हल्ली ती त्याला दोन भेटींतून एकदाच ओळखायची. घर विकले की त्याच इमारतीत खोली घ्यायची, हे त्याने ठरवले होते. गिऱ्हाईक मिळाले होते. गिऱ्हाइकाच्या बँकेने रोझॅनला पाठवले होते.

"ये, ये," क्लेम दारातून म्हणाला. "घराचं माप झालं की शवपेटीसाठी माझंही घेऊन ठेव. फादरची धावपळ वाचेल."

"तुमच्यासाठी माझ्या फॉर्मात रकानाच नाही काका. 'दुरुस्तीच्या पलीकडे' असं कुठं लिहू?"

तो खो खो हसला. पण ती सगळे घर फिरून स्वयंपाकघरात आली, तेव्हा तो सिंकच्या पुढ्यात उभा होता.

"आज पाणी मागू नकोस, रोझॅन."

त्याने तिच्याकडे एक कागद सरकवला. गिऱ्हाइकाचे कर्ज सरकारी हमीचे होते, म्हणून बँकेने पाणी तपासून मागितले होते. नायट्रेट: सत्तावीस. चालते ते दहापर्यंत. खाली बारीक अक्षरांत छापले होते, सहा महिन्यांच्या आतल्या बाळांना हे पाणी कोणत्याही रूपात देऊ नये.

"बावन्न वर्षं पितोय मी हे," क्लेम म्हणाला. "चार पोरं वाढली यावर. तुझ्या बापानं घातलेलं बोअर आहे."

"तेव्हा एवढं खत नव्हतं काका."

"बँकवाल्यांशी बोललोय मी. फिल्टर बसवला की चालेल म्हणतात. पंधरा दिवसांत सह्या होतील. तोवर एवढंच कर, रस्त्यावर कुणाला बोलू नकोस. एकदा का तामारॅक रोडचं पाणी वाईट म्हणून बोभाटा झाला, की तो माणूस पळालाच समज. आणि मग मी इथं, ती तिथं."

"मी बोलूच शकत नाही. अहवाल बँकेचा असतो. त्यातला एक आकडा जरी बाहेर सांगितला, तर लायसन्स जातं माझं."

"मग झालं तर," तो म्हणाला आणि त्याचा चेहरा सैल झाला.

रोझॅन गाडीत येऊन बसली. किंमत ठरवायची तर जवळपास नुकती विकली गेलेली तीन घरे तुलनेला लागतात. या रस्त्यावर वर्षभरात एकच घर विकले गेले होते, शेजारचे पिवळे. क्लेमच्या बोअरपासून दोनशे फूट. मार्चमध्ये त्याचे व्हॅल्युएशन तिनेच केले होते. तिने लॅपटॉपवर जुनी फाइल उघडली. पाणी स्वच्छ, चवीला उत्तम. त्या दिवशी घर घेणारी मुलगी, केल्सी, पडद्यांची मापे घ्यायला आली होती. पोट थोडे दिसत होते. "ही लहान खोली बाळाची," ती म्हणाली होती. रोझॅनने बोटांवर महिने मोजले. बाळ अडीच महिन्यांचे असणार.

आईचे दूध पीत असेल, तिने स्वतःला सांगितले. हल्लीच्या मुली पाजतात. आई पाजत असेल तर काळजी नाही. तिने गाडी सुरू केली.

बुधवारी तिला तिकडे काही काम नव्हते, तरी ती तामारॅक रोडवरून गेली. पिवळ्या घरापाशी तिने वेग कमी केला. दोरीवर इवले कपडे वाळत होते. त्यांवरून आई पाजते की नाही हे कसे कळणार! ती पुढे गेली, वळली, परत तिथूनच आली. आतून कोणी बघेल म्हणून दुसऱ्या वेळी मात्र जोरात निघून गेली.

गुरुवारी तिने जिल्ह्याच्या आरोग्य खात्यात नाव न सांगता फोन केला. फोनवरची बाई भली होती. "घरमालकांनी मागितलं तर तपासून देऊ की," ती म्हणाली. "तुम्ही घरमालक का?" रोझॅनने फोन ठेवला. दुपारी तिने क्लेमच्या अहवालाची वाक्ये तीनदा लिहिली आणि खोडली. जेवण गेले नाही. लायसन्स गेले तर एकसष्टाव्या वर्षी काय करणार, हा प्रश्न होताच. पण खरे सांगायचे तर त्याहून जास्त तिला भीती वाटत होती ती पिवळ्या घराचे दार वाजवून "मी चुकले" म्हणण्याची. आईचे दूध पीत असेल, ती पुन्हा म्हणाली. या वेळी मोठ्याने.

शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता सेंट हेडविगच्या चर्चच्या तळघरात नेहमीसारखे मासळीचे जेवण होते. तळलेला मासा, बटाटे, राय धान्याचा पाव, कोबीची कोशिंबीर. कोशिंबिरीचा डाव वीस वर्षे रोझॅनच्या हातात. त्या दिवशी तिने अर्ध्या लोकांना दोनदा वाढले आणि अर्ध्यांना विसरली.

"रोझॅन, माझ्या ताटात शेत लावलंयस का?" कोणीतरी म्हणाले, आणि तिने मान वर केली, तर समोरच्याच टेबलाशी केल्सी बसली होती. शेजारी तिची सासू डार्लीन, मांडीवर बाळ. केल्सीने पिशवीतून दुधाच्या पावडरचा डबा काढला, थर्मास काढला आणि बाटलीत पाणी ओतू लागली.

"घरून पाणी आणते ही," डार्लीन आसपासच्यांना ऐकू जाईल असे म्हणाली. "चर्चचं चालत नाही आमच्या राणीसरकारांना. वीस मिनिटं उकळते, घड्याळ लावून! आम्ही बाटली नळाखाली धरायचो नि पाजायचो. आमची पोरं काय बिघडली का?"

"आई, त्यातल्या एकाशी माझं लग्न झालंय," केल्सी म्हणाली. "काय बिघडलंय ते मला विचारा."

टेबलभर हशा पिकला. रोझॅनला तो लांबून आल्यासारखा ऐकू आला. वीस मिनिटे. दूध आटवले की घट्ट होते, तसेच हे. पाणी वाफ होऊन जाते, नायट्रेट सगळे तळाशी राहते. मुलगी जितकी जपत होती, तितके बाळाच्या पोटात जास्त जात होते.

ती डाव टाकून टेबलाशी गेली. बाळ झोपाळल्यासारखे पडून होते. ओठांभोवती, शाईची बोटे लागावीत तसा, निळसर करडा रंग.

"केल्सी, ती बाटली देऊ नकोस."

"का?"

"तुमच्या पाण्यात नायट्रेट असणार. शेजारच्या बोअरमध्ये सत्तावीस निघालंय. दहाच्या वर बाळाला चालत नाही. उकळून ते जात नाही गं, उलट वाढतं."

"पण तुम्ही प्यायलात की ते. माझ्यासमोर. छान पाणी आहे म्हणालात."

"हो."

दोन टेबलांपलीकडे क्लेम बसला होता. त्याने काटा खाली ठेवला. मग डार्लीनने बाळाला छातीशी घट्ट धरले आणि विचारले, "तुला हे कधीपासून माहीत आहे?"

रोझॅनला 'आत्ताच कळलं' म्हणता आले असते.

"मंगळवारपासून," ती म्हणाली.

केल्सीचा नवरा बटाट्याच्या गोदामात पाळीवर होता आणि त्यांची एकुलती गाडी त्याच्याकडे होती. रोझॅननेच दोघींना आणि बाळाला, तिचे नाव हेझल, दवाखान्यात नेले. बावीस मिनिटांचा रस्ता होता. मागून केल्सीचा एकच आवाज येत होता, "हेझी, डोळे उघड. हेझी, इकडे बघ."

नर्सने टाचेतून रक्त काढले. ते लाल नव्हते, चॉकलेटी होते. रक्त प्राणवायू वाहून नेईनासे झाले होते. डॉक्टरांनी शिरेतून औषध दिले, गडद निळे. रोझॅन व्हरांड्यात उभीच राहिली. डार्लीन एकदा बाहेर आली, रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिले, तिच्याकडे पाहिले आणि आत निघून गेली. दोन तासांनी केल्सी आली.

"आता बरी दिसतेय ती. दोन दिवस ठेवणार आहेत."

"देवाची कृपा."

"दिवसाला आठ बाटल्या," केल्सी म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "मंगळवार दुपारपासूनच्या मी आत मोजत बसले होते. सव्वीस झाल्या. तुम्हाला माहीत असताना सव्वीस."

रोझॅनने होकारार्थी मान हलवली.

रविवारी हेझलचे ओठ गुलाबी झाले. पिवळ्या घरातले पाणी तपासले, ते एकतीस निघाले. सोमवारपर्यंत सगळ्या तालुक्याला कळले, आणि क्लेमच्या गिऱ्हाइकाने बेत रद्द केला. रोझॅन त्याच्याकडे गेली. त्याने जाळीचे दार उघडले नाही, आतूनच बोलला.

"पंधरा दिवस मागितले होते गं."

"तीन दिले, काका. तेच फार झाले."

"आयरीनला काय सांगू मी?"

"मी घेऊन जाईन तुम्हाला तिच्याकडे. रविवारी."

"तुझ्या गाडीत?" तो म्हणाला, आणि आतले लाकडी दारही त्याने लावून घेतले.

घरी येऊन तिने लायसन्स मंडळाला पत्र लिहिले. बँकेची माहिती आपण बाहेर सांगितली, आणि सांगायला तीन दिवस उशीर केला, अशी दोन्ही वाक्ये तिने एकाखाली एक लिहिली. पत्र टाकून आली आणि कपाट उघडले. एकतीस वर्षांच्या फाइली. तिने गेल्या दोन वर्षांतल्या बाहेर काढल्या, त्यांतून वाळूवरची, पाईप ठोकलेल्या बोअरची घरे वेगळी केली. चव्वेचाळीस. प्रत्येकीवर तिचेच अक्षर, तेच शब्द.

ती फोन घेऊन बसली. पहिल्या घरी म्हातारे जोडपे. दुसऱ्या घरी बाई म्हणाली, "पोरं कसली, मांजरं आहेत. का हो, मांजरांना बाधतं का?" तिसऱ्याने तिला फिल्टर विकणारी समजून शिव्या घातल्या. तिने ऐकून घेतल्या, मग बाळ आहे का विचारले. बाळ नव्हते. अकराव्या घरी सून आठव्या महिन्यात होती. रोझॅनने तिला सगळे नीट, दोनदा सांगितले आणि आरोग्य खात्याचा नंबर लिहून घ्यायला लावला.

सतराव्या फाइलीच्या कडेला तिने जूनमध्ये पेन्सिलीने टिपले होते: घेणाऱ्यांना ऑगस्टमध्ये जुळी होणार, दुसरी खोलीही बाळांसाठी.

तिने फोन लावला. घंटा वाजत राहिली. तिने पुन्हा लावला, आकडे एकेक तपासून. कोणी उचलला नाही. मोबाइलचा नंबर फाइलीत नव्हता. घर एकोणीस मैलांवर होते, आणि बाटलीची वेळ कोणतीही असू शकते.

तिसऱ्यांदा लावण्यासाठी तिने बोट उचलले, आणि मग फोन तिथेच टाकून ती गाडीच्या किल्ल्या शोधू लागली.