सीटच्या आतला माणूस

आमच्या सिनेमातलं भूत दुपारी फिरायचं, कारण रात्रीच्या शूटिंगचे दिवे परवडत नव्हते. दिग्दर्शक ऋतिक. ताथवड्याच्या कॉलेजातून इंजिनिअर होऊन बाहेर पडला आणि इंजिनिअरिंग सोडून बाकी सगळं करायला मोकळा झाला. सिनेमाचं नाव ‘बिनचालकी’. एक पांढरी व्हॅन, तिच्यात मेलेल्या मालकाचा आत्मा, आणि ती चाकणच्या आसपास माणसं शोधत फिरते. संवाद मी लिहिले. गाडीला संवाद नव्हते आणि बाकीचे तिला बघून नुसते किंचाळायचे, त्यामुळे काम हलकं होतं.

व्हॅन जयसिंगकाकांची होती. आत्माही तेच होते.

काका चिंचवडचे. गाड्यांच्या एका कंपनीत अठ्ठावीस वर्षं लाइनच्या शेवटच्या टोकाला काढली. तयार झालेल्या गाडीत पहिल्यांदा बसायचं, किल्ली फिरवायची, ब्रेक तपासायचे, यार्डात नेऊन उभी करायची आणि पुढच्या गाडीसाठी चालत मागं यायचं. “प्रत्येक गाडीचा पहिला ड्रायव्हर मी,” ते सांगायचे, “आणि शोरूमवाला गिऱ्हाइकाला म्हणणार, साहेब, हिला अजून कुणी हात पण लावला नाही.”

गाडी ड्रायव्हरविना चालते हे दाखवायची युक्ती त्यांचीच. सीटच्या पाठीतला फोम काढला. त्या पोकळीत काका बसायचे आणि वरून सीटचंच कव्हर अंगात घालायचे. डोळ्यांपाशी काळी जाळी. हात कव्हराच्या आतून स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला. बाहेरून बघणाऱ्याला सीट रिकामी आणि स्टिअरिंग आपोआप फिरतंय. कव्हर कस्तुराकाकूंनी शिवलं, पण तोंडाचा पट्टा चालूच.

“बावीस प्रतिज्ञा घेतलेला माणूस भूत होऊन हिंडतोय. विहारात काय सांगायचं?”

“ॲक्टिंग आहे म्हणून सांग.”

“ॲक्टिंग तोंड दाखवून करतात.”

“शेवटी पाटीवर नाव येणारे माझं. मग तर झालं?”

विहारात त्यांनी स्वतःच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, आपलं नाव येणार म्हणून. अठ्ठावीस वर्षांत ते कुठल्याच गाडीवर आलं नव्हतं.

काम मात्र काका कंपनीसारखंच करायचे. नायिकेच्या अंगावर चाल करून जाताना व्हॅन आधी डाव्या बाजूचा इंडिकेटर द्यायची.

“काका,” ऋतिक डोकं धरून ओरडायचा, “भूत इंडिकेटर देत नाही हो!”

“मेल्यावर शिस्त सोडायची का?” सीटच्या आतून आवाज यायचा.

शूटिंग संपलं तेव्हा ऋतिकनं जाहिरातीची शक्कल काढली. गाडी खरंच आपोआप चालली, आम्हालाही कोडं आहे, असं नेटवर सोडून द्यायचं. “सिनेमा येईपर्यंत कुणाला बोलायचं नाही, काका. बोललात तर खेळ खलास. मग पाटीवर नाव पण नाही.” काका म्हणाले, शब्द दिला.

पंधरा दिवसांनी काका आणि मी व्हॅनचे आवाज रेकॉर्ड करायला पुन्हा चाकणच्या पुढं गेलो. हायवेवर चहाला थांबलो. एक म्हातारी हातात दुधाची किटली घेऊन रस्त्याच्या अगदी कडेनं येत होती. शेजारून कंटेनर गेला की पदर उडायचा आणि ती खांबाला धरून उभी राहायची. काकांनी तिला ओळखलं; सीटच्या जाळीतून ती त्यांना दिसायची, आणि कॅमेरा लांब असल्यानं तिला मात्र नुसती गाडीच दिसायची. जिथं शूटिंग केलं त्या शेतरस्त्याच्या वळणावर भागूबाईंचं घर.

“मावशी, शेतातला मधला रस्ता सोडून इकडून कुठं?”

“तिकडनं न्हाई जात आता. गाडी फिरती तिथं. आत मानूस न्हाई आन् चाक आपसूक वळतंय. माझ्या डोळ्यांनी पाह्यलंय मी.”

“मग रोज इकडून?”

“पंधरा दिस झालं. ल्योक म्हनतो घरी बस. डेअरीला दूध काय त्यो घालनार हाय व्हय?”

व्हॅन टपरीच्या मागं उभी होती म्हणून बरं. काकांनी चहा तसाच ठेवला आणि ऋतिकला फोन लावला. त्याचा आवाज मलाही ऐकू येत होता.

“काका, दोनच महिने राहिलेत. तुम्ही शब्द दिलाय.”

“दिलाय. मोडतोय, म्हणून तर फोन केला.”

“मग नाव जाईल, सांगून ठेवतो.”

“जाऊ दे. नाव नाही तर नाही. पण मी चालवलेली गाडी भुताच्या नावावर खपवायची आणि त्यापायी ही बाई ट्रकांच्या मधून चालायची, हे मला नाही झेपणार, बाळा.”

मी चहा पीत होतो. माझाही थंड झाला होता, पण पीत होतो.

काका भागूबाईंना टपरीच्या मागं घेऊन गेले. व्हॅन दिसताच त्या चार पावलं मागं सरल्या. काकांनी त्यांच्यासमोर कव्हर अंगात घातलं, सीटमध्ये बसले आणि म्हणाले, “मावशी, हात लावून बघा.” बाईंनी लांबूनच बोट टोचलं. मग जरा जवळ येऊन टोचलं.

“हे काय?”

“पोट.”

“म्हातारपनी असले धंदे! बायकू न्हाई का घरी?”

“तिनंच शिवलंय.”

बाई हसल्या. मला वाटलं, संपलं. पण त्यांनी किटली खाली ठेवली आणि विचार करून म्हणाल्या, “तू आत असल्यावर चालती, त्ये कळलं. तू नसताना चालती का न्हाई, त्ये कसं कळायचं?”

प्रश्न चोख होता. आमच्या सिनेमात एवढा चोख संवाद एकही नव्हता. काकांना तर राग येण्याऐवजी आनंदच झाला, कंपनीत कुणी नीट तपासणी केल्यावर व्हायचा असेल तसा. त्यांनी व्हॅन शेतरस्त्याच्या वळणावर नेऊन लावली आणि किल्ली भागूबाईंच्या हातात दिली. “उद्या सकाळपर्यंत तुमच्याकडं. जागची हलली तर मला सांगा.” मग आम्ही दोघं हायवेपर्यंत चालत आलो आणि मिळेल त्या टेम्पोनं चिंचवडला.

दुसऱ्या दिवशी गेलो तर बाई व्हॅनच्या पायरीवर बसल्या होत्या. शेजारी रिकामी किटली. दूध घालून मधल्या रस्त्यानंच परत आल्या होत्या.

“चाकांम्होरं दगड ठेवलं व्हतं,” त्यांनी सांगितलं, “जसंच्या तसं हायती.” आणि किल्ली परत दिली.

दोन दिवसांत ही गोष्ट सगळ्या गावाला ठाऊक झाली आणि आठवड्यात नेटवरही आली. ऋतिकचं कोडं फुटलं. त्यानंही शब्द पाळला.

सिनेमा काकांच्या घरी टीव्हीवर बघितला. शेवटी पाट्या सुरू झाल्या तशा काकू पुढं सरकून बसल्या. सगळ्या संपल्यावर म्हणाल्या, “चहावाल्याचं नाव आहे. तुमचं नाही.”

“चहावाला सगळ्यांना दिसत होता,” काका म्हणाले. जरा वेळानं उठून पाणी प्यायले आणि आत गेले. उद्या विहारात लोक विचारणार होते.

मी ऋतिकशी भांडलो नाही. माझं नाव होतं ना.