टाकीला हवा लागते

आईला कॅन्सरच्या शेकासाठी, रेडिएशनसाठी, नांदेडहून लातूरला न्यायचं, म्हणजे सुट्टीचे दिवस सोडून रोज तोच रस्ता आणि वडिलांची तीच जुनी गाडी. वाटेतलं लोहा गाव मागे पडलं की गाडी आचके देऊन बंद पडायची. थोडं थांबलं की काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा चालू. वेळ चुकली की मशीनवरचा नंबर जायचा. एकदा तर शेक न घेताच परत आलो. डॉक्टरांनी बजावलं होतं, खाडे करू नका.

नांदेडच्या मेकॅनिकनं पंप बदलला. लातूरच्यानं फिल्टर बदलला आणि नांदेडच्याला नावं ठेवली. गाडी थांबायची ती थांबायचीच. मी इतका थकलो होतो की रागवायचाही कंटाळा आला होता.

एकदा अशीच बंद पडल्यावर, पेट्रोल तरी आहे का बघावं म्हणून टाकीचं झाकण उघडलं. सुस्स करून हवा आत गेली आणि गाडी लगेच चालू झाली. दुसऱ्या दिवशी झाकण सैल ठेवून निघालो, तर लातूरपर्यंत आचका नाही. पेट्रोल कमी होईल तशी टाकीत हवा शिरायला पाहिजे, ती शिरतच नव्हती. घरी येऊन गाडीखाली झोपलो. टाकीच्या हवेच्या नळीत सलाईनच्या बाटलीचं रबरी बूच ठोकून बसवलेलं होतं.

वडील ओट्यावरूनच म्हणाले, "मीच बसवलं ते. पहिल्या शेकानंतर तिला पेट्रोलचा वास सोसंना. सारखी उलट्या करून राहिली होती. म्हणलं, वास तरी बंद होईल."

रोग परवडला पण इलाज नको, असं तोंडावर आलं होतं. त्यांच्याकडं पाहिलं आणि गिळलं. बूच काढून टाकलं.

दुसऱ्या दिवशी गाडी कुठंही न थांबता लातूरला पोचली, नंबराच्या बरंच आधी. आई वाटभर नाकाला पदर लावून बसली होती. दवाखान्याच्या दारात मी म्हणालो, "बघ, आता रोज वेळेवर."

"हाव," ती म्हणाली. नाकावरचा पदर काढत म्हणाली, "गाडी बंद पडली की मला लई बरं वाटायचं रे. वाटायचं, आज तरी टळंल."

तिला उतरवायला मी हात पुढे केला. तिनं तो घट्ट धरला, पण जागची हलली नाही.