कुलूप न लागणारं घर

नवरात्रात आमच्या परळीच्या घराला कुलूप लागत नाही. घट बसले की नऊ दिवस दिवा अखंड ठेवायचा, आणि तो सांभाळायला घरातली एक बाई कायम घरात हवी. यंदा त्याच दिवसांत अंबाजोगाईला बायकांसाठी शिबिर होतं, आपल्यातली देवी ओळखण्याचं. अंतर पंचवीस किलोमीटर. मला मनापासून जायचं होतं. सासूबाईंचे गुडघे धरलेत, त्यांना उठून वात सारणं जमत नाही. नवऱ्याला विचारलं, तर म्हणाला, "बाप्या माणसाचं काम हाय का ते?"

शेवटी मोबाईलवर शिबिर लावून मी घटापुढे बसले. शिबिराच्या ताई सांगत होत्या, "डोळे मिटा. तुम्ही मुक्त आहात."

मी डोळे मिटले.

"अगं, डोळे उघड! वात काजळली बघ," सासूबाई ओरडल्या.

मी काजळी काढली, तेल घातलं आणि विचारलं, "आत्याबाई, तुम्ही कधी नवरात्रात अंबाजोगाईच्या देवीला गेलात का?"

"कवा जाऊ? लगीन झाल्यापासून हितंच देवी सांभाळतीय की." मग मोबाईलकडे बघत म्हणाल्या, "काय म्हणतीय ती बाई? आवाज वाढव जरा."

मी आवाज वाढवला. डोळे मात्र उघडेच ठेवले.